डी२३च्या पिन्सवर ४,००० डॉलर घालावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: फ्रीमाँटहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. नवरा एच-१बीवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा), त्या स्वतः एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा). नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं करायचा अर्ज, अजून मंजूर नाही, त्यामुळे ताईंकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवानाही नाही. महिन्याचा खर्च ५,२०० डॉलर. बचत खात्यात १४,०००. क्रेडिट कार्डावर २,६०० बाकी, व्याज २४ टक्के. ऑगस्टमध्ये ॲनाहाइमला डिस्नीच्या चाहत्यांच्या डी२३ मेळाव्याला जायचं आहे. तिकिटं, हॉटेल झालेलं आहे. बचतीतले ४,००० काढून लिमिटेड एडिशन पिन्स (ठरावीक नगच काढलेले, हौशी लोक जमवतात ते इनॅमलचे छोटे बिल्ले) घ्यायच्या, निम्म्या स्वतःकडे ठेवायच्या आणि निम्म्या ईबेवर विकायच्या, असा बेत आहे. मैत्रिणीनं मागच्या वेळी २५ डॉलरची पिन ९०ला विकली. म्हणून त्या विचारतात, ‘हौसही भागेल आणि गुंतवणूकही होईल, नाही का?’

ताई, जा, पिन्स घ्या, पण ६०० डॉलरच्या. विकायचा बेत मात्र आत्ताच बाजूला ठेवा. त्याचं पहिलं कारण पैशाचं नाहीच, व्हिसाचं आहे.

घरातली न लागणारी वस्तू, मुलाची लहान झालेली सायकल वगैरे विकणं वेगळं. विकायच्याच हेतूनं माल उचलायचा, फोटो काढून लिस्टिंग टाकायचं, दर आठवड्याला पाकिटं पोस्टात टाकायची, हा धंदा झाला. ईएडी नसताना एच-४वर तो केला तर परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतो, आणि पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात ते आडवं येऊ शकतं. ‘मग खातं ह्यांच्या नावावर काढते’ हा आपल्याकडचा ठरलेला तोडगाही इथं लागू पडत नाही. एच-१बीवाल्यानं ज्या कंपनीनं पिटिशन केलं तिचंच काम करायचं असतं. शेअर्स, इंडेक्स फंड, बँकेचं व्याज याला हरकत नाही, कारण त्यात तुम्ही काम करत नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला तासाचे पैसे देऊन विचारा. आधी विक्री सुरू करून मग विचारू नका.

आता समजा ईएडी हातात आहे. तरी हिशेब जमतो का ते पाहू.

पिन २५ डॉलरची. ॲनाहाइमचा सेल्स टॅक्स ७.७५ टक्के, म्हणजे हातात पडेपर्यंत २६.९४. मैत्रिणीची ९०ची पिन हे टोकाचं उदाहरण आहे, चांगली चाललेली पिन ६०ला गेली असं धरू. गिऱ्हाइकानं पोस्टेजचे ५ दिले, एकूण ६५ आले. ईबेची फी १३ टक्क्यांच्या वर आहे आणि ती पोस्टेज व गिऱ्हाइकाचा टॅक्स धरून सगळ्या रकमेवर लागते, म्हणजे साधारण १० गेले. पोस्ट आणि बबल मेलरचे ६ गेले. उरले ४९. त्यातून खरेदी वजा केली की २२ डॉलर. धंदा म्हणून दाखवलात की त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के, वर फेडरल आणि कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स. तुमच्या कुटुंबाच्या उत्पन्नाला शेवटी पिनमागे १३-१४ डॉलर राहतील. अशा ३० पिन्स विकल्या तर ४०० डॉलर. आणि हे सगळ्या ६०ला गेल्या तर! मेळाव्याच्या पहिल्या संध्याकाळी लिस्टिंग कमी असतात, भाव चढा दिसतो. घरी परतून सगळ्यांनी एकदम माल लावला की तीच पिन ३५-४०ला पडून राहते. ३५ला विकली तर फी आणि पोस्ट जाऊन खरेदीची किंमतही जेमतेम सुटते.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ४,००० डॉलर भागिले २७, म्हणजे जवळपास दीडशे पिन्स. एवढ्या चांगल्या पिन्स तुम्हाला मिळणारच नाहीत. ज्या पिन्सना खरी मागणी असते, उदाहरणार्थ वॉल्ट डिस्ने इमॅजिनिअरिंगच्या (डिस्नीची पार्क रचणारा विभाग) मिकीज ऑफ ग्लेनडेल दुकानातल्या ३०० नगांच्या आवृत्त्या, तिथं आत जायलाच सोडतीतून वेळ मिळावी लागते, आणि आत गेल्यावर एका डिझाइनच्या माणशी ठरावीकच पिन्स देतात. तिथं पैसा कमी पडत नाही, पिन कमी पडते. खिशात उरलेले ३,००० मग कुठं जातात? मिस्ट्री बॉक्समध्ये (आत कुठली पिन आहे ते उघडेपर्यंत कळत नाही), ओपन एडिशनमध्ये (नगांची मर्यादा नसलेल्या पिन्स), ‘आलोच आहोत तर’ म्हणून घेतलेल्या सेट्समध्ये. जास्त पैसे नेलेत की जास्त नफा होत नाही, सरासरी माल तेवढा खालच्या दर्जाचा होतो. मैत्रिणीला २५च्या पिनवर जे ६५ डॉलर वर मिळाले तो गुंतवणुकीवरचा परतावा नव्हता. सोडत लागणं, चार तास रांगेत उभं राहणं आणि नेमकी पिन उचलणं, याची ती मजुरी होती. आणि मजुरीच करायची परवानगी तुमच्याकडे आत्ता नाही.

म्हणून ४,०००ची वाटणी मी अशी करेन. २,६०० आजच कार्डावर भरा. २४ टक्क्यांनी वर्षाला सव्वासहाशेच्या आसपास व्याज वाचतं, तेही खात्रीनं. कुठलीही पिन हे वचन देत नाही. ८०० बचतीत परत. ६०० पिन्सना.

बचतीबद्दल थोडं कडक बोलतो. घरात एकच पगार, तोही व्हिसाला बांधलेला. नोकरी गेली तर एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवी कंपनी मिळाली नाही तर घर आवरणं, लीज मोडणं, सगळ्यांची तिकिटं, असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. ४,००० काढल्यावर तुमच्याकडे दोन महिन्यांचाही खर्च उरत नव्हता. आता १०,८०० उरतील, म्हणजे दोन महिन्यांच्या जरा वर. हेही कमीच आहे. कार्ड संपल्यावर जो हप्ता मोकळा होईल तो सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत बचतीतच टाका.

६०० डॉलर नीट वापरले तर संग्रहाला भरपूर आहेत. साधारण ३५० ठरवलेल्या लिमिटेड एडिशनसाठी, १०० अदलाबदलीच्या मालासाठी, आणि १५० शेवटच्या दिवसापर्यंत हात न लावता ठेवायचे. निघण्यापूर्वी हव्या असलेल्या पिन्सची यादी क्रमानं लिहा. आठ-दहांच्या वर नको. भाव बघायचा तो ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ लावून. विकणाऱ्यानं मागितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. आणि ३०० नग एवढ्यावरच भुलू नका. ३०० जणांनाही नको असलेल्या पात्राची ३०० नगांची पिन ही महागच पिन आहे. स्टिचसारख्या लाडक्या पात्राच्या किंवा खलनायिकांच्या पिन्सना गिऱ्हाईक बारा महिने असतं. नव्या सिनेमाच्या पिनचं आयुष्य त्या सिनेमाएवढं.

पिनच्या मागे काय छापलंय ते वाचायची सवय लावा. आवृत्तीचा आकडा (‘लिमिटेड एडिशन ऑफ ३००’ अशा धर्तीचा), डिस्नीची कॉपीराइट खूण आणि पिन ट्रेडिंगचा शिक्का. लिमिटेड रिलीज म्हणजे लिमिटेड एडिशन नव्हे. पहिल्यात विक्रीचा काळ मर्यादित असतो, नग किती काढले ते सांगितलेलं नसतं. लिमिटेड एडिशन पिन बहुधा कार्डावर लावून येते. ते कार्ड फेकू नका, पुढे पिन त्याच्यासकट मागितली जाते. मिस्ट्री बॉक्स घेतलाच तर तो करमणुकीचा खर्च समजा. आत चेझर, म्हणजे क्वचित निघणारी पिन, मिळेल या आशेवर दहा बॉक्स घेणं म्हणजे लॉटरी.

अदलाबदलीच्या १००मध्ये काय घ्यायचं? दुकानातले साधे स्टार्टर सेट. ऑनलाइन ‘५० पिन्स, डॉलरला एक’ असा ढीग मिळतो तो घेऊ नका. त्यात बहुतेक स्क्रॅपर भरलेले असतात: मान्यता न मिळालेला, किंवा नक्कल साच्यातून काढलेला माल. हातात घेऊन पाहिलं की कळतं. कडा हाताला खरखरीत लागते, इनॅमल धातूच्या रेषेच्या खाली बसलेलं असतं किंवा त्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, रंग एखादी छटा चुकलेला असतो, मागचा कॉपीराइटचा ठसा पुसट असतो. हिडन मिकी या मालिकेतल्यासारख्या पिनच्या पाठीवर बारीक मिकीच्या डोक्यांची जाळी असते. अस्सल पिनवर ती कडेपर्यंत जाऊन कापली जाते, नकलीवर कडेला कोरी पट्टी सुटलेली दिसते. एका खुणेवर निकाल देऊ नका, दोन-तीन जुळल्या तर पिन परत करा. स्क्रॅपर देऊन तुम्ही एखाद्याची खरी पिन घेतलीत तर त्या वर्तुळात नाव खराब व्हायला एक दुपार पुरते.

डिस्नी पार्कमधल्या कर्मचाऱ्यांशी ट्रेडिंग, म्हणजे पिन्सची अदलाबदल, १९९९पासून एकास एक चालतं, पैसे मध्ये येत नाहीत. मेळाव्यातल्या ट्रेडर मंडळींचं तसं नाही. फोमच्या पानांची बॅग उघडून बसलेला माणूस एका ३०० नगवाल्या पिनसाठी तीन साध्या पिन्स मागेल किंवा देईल. नवशिक्या बहुतेक इथंच फसतो: तीन पिन्स मिळाल्याचा आनंद होतो, आणि त्या तीन कुणालाच नको असतात. समोरच्याला ‘एक मिनिट’ सांगून सोल्डचा भाव बघा. खऱ्या ट्रेडरला त्याचा राग येत नाही. यादीतल्या पिन्स गळ्यातल्या लॅनयार्डवर लावूच नका, आणि लावल्याच तर छोट्या ॲलन कीनं घट्ट होणारे लॉकिंग बॅक लावा. पिनमागचं मिकीच्या आकाराचं साधं रबरी बूच गर्दीत निसटतं. पोस्टानं अदलाबदल ठरली तर ज्याच्या नावावर कमी अभिप्राय आहेत त्यानं आधी पाठवायचं, ट्रॅकिंगसह, हा शिरस्ता आहे. नवीन म्हणून तो बहुधा तुम्हालाच पाळावा लागेल. त्यामुळे पहिल्या काही अदलाबदली २० डॉलरच्या आतल्याच करा.

टॅक्सबद्दल एवढंच. २०१८पासून ‘सारख्याला सारखं’ दिल्याची करसवलत फक्त स्थावर मालमत्तेला आहे. तुमची २५ची पिन ८०च्या पिनशी बदललीत तर कागदावर नफा झालेला असतो. पुढे कधी स्वतःचा संग्रह विकलात तर नफ्यावर कर लागतो, हौसेच्या वस्तूतला तोटा मात्र वजा मिळत नाही. ऑनलाइन विक्रीची रक्कम कर खात्याला कळवणारा १०९९-के फॉर्म आता २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार ओलांडल्यावरच येतो. पण फॉर्म आला नाही म्हणून कर माफ होत नाही. पिन, तारीख, किंमत, कोणाकडून, बदल्यात काय दिलं, एवढ्या पाच रकान्यांची शीट पहिल्या दिवसापासून ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटोही त्यातच. रेंटर्स इन्शुरन्सचा (भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा) दावा करायची वेळ आली तर तेच लागतात.

ईएडी आल्यावर विकायची हौस शिल्लक असेल तर एच-४ ईएडीवर स्वतःचा छोटा धंदा करता येतो. त्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडा आणि कॅलिफोर्नियाचं सेलर्स परमिट (विक्रीचा परवाना) काढा; त्याला फी नाही. पहिल्या मेळाव्याला ५०० डॉलरच्या वर माल उचलू नका. खरेदी, फी आणि पोस्ट वजा जाऊन हाती उरलेल्या रकमेला रांगेत, पॅकिंगला आणि पोस्टात गेलेल्या तासांनी भागा. तासाला २० डॉलर सुटत नसतील तर पिन्स फक्त स्वतःसाठी घ्या.