डाळ शिजेना, म्हणून बोलणं खुंटलं

“काकू, कोलोरॅडोत लीडव्हिलला राहायला आलो त्याला दोन महिने झाले. स्वतःचं पहिलं घर, खिडकीतून बर्फाचे डोंगर, सगळं छान. पण मी तर परेशान झाले आहे. तुरीच्या डाळीला पाच शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली येते. हे म्हणतात, इंदूरला आईकडे तीन शिट्ट्यांत लोणी होतं, तुलाच कुकर लावता येत नाही. परवा मी कुकर सिंकमध्ये आपटला. आता फ्रोझन पराठे खातो आणि फारसं बोलत नाही.”

पत्र मोठं आहे. पुढे डोकेदुखी आहे, सासूबाईंचं डिसेंबरचं तिकीट आहे, लाकडाची शेगडी आहे. तिकडे येतेच. आधी डाळ.

पोरी, तुझा हात बिघडलेला नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, तिथे पाणी ९८ अंशांना उकळतं. तुमचं लीडव्हिल ३,१०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब इतका कमी की पाणी ९० अंशांनाच खदखदायला लागतं आणि मग कितीही आच वाढवा, त्याच्या वर जात नाही. उघड्या पातेल्यात डाळ घंटाभर नाचेल, मऊ होणार नाही. कुकर मदत करतो, पण पूर्ण नाही. शिट्टीचं वजन तेच, बाहेरून दाबणारी हवा मात्र कमी. समुद्रकाठी कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास होतात, तुमच्याकडे ११५. पाच अंश ऐकायला थोडे वाटतात, डाळीला विचारा.

आणि जावईबापू, तुम्हीही वाचत असणार. आईच्या हाताची तुलना करण्याआधी एकदा स्वतः कुकर लावून पाहायचा होता. त्या मुलीनं दोन महिने स्वतःला दोष दिला आणि तुम्ही त्यात भर घातलीत. मला याचा राग येतो, कारण मी हे भोगलं आहे. १९८८ साली लग्न होऊन इंदूरच्या रामबागेतून थेट न्यू मेक्सिकोत सँटा फेला गेले. तेही २,१०० मीटरच्या वर. आमच्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात ताट सरकवलं आणि म्हणाले, “वरण असं नसतं.” मी न्हाणीघरात जाऊन रडले. शेवटी शेजारची म्हातारी आली, पिंटो बीन्स शिजवण्यात जन्म गेलेली. तिनं पातेल्यातून एक दाणा उचलला, अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबला. दाणा फुटला, पण मधोमध पांढरा टणक ठिपका तसाच. तो मला दाखवला आणि हातानं वर, डोंगराकडे खूण केली. त्या दिवसापासून आमच्या घरात डाळ रात्री भिजत पडायला लागली, आणि भिजत घालायचं काम ह्यांचं.

तुम्हीही तसंच करा. तूर निदान दोन तास, हरभरा-राजमा रात्रभर. डाळ डब्यात ठेवून वाफवण्यापेक्षा थेट कुकरच्या पाण्यात घाला. शिट्ट्या मोजायचं सोडा, घड्याळ बघा. शिट्टी यायला लागली की आच बारीक करायची आणि तिथून मिनिटं धरायची. हिशेब असा : ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला वेळ पाच टक्के वाढवायचा. म्हणजे इंदूरला दहा मिनिटं लागत असतील तर तुम्हाला चौदा. आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच, आंबटानं ती आखडते. विहिरीचं जड पाणी असेल तर चिमूटभर सोडा. आणि कुकरची रिंग रोज धुऊन तेलाचा हात फिरवा. आपटल्यावर झाकण वाकलं तर नाही ना, तेही बघून घे.

राजमा स्लो कुकरमध्ये कधीही नको. कच्चट राजम्यानं उलट्यांनी माणूस आडवा होतो, आणि त्या भांड्यात तो तुमच्याकडे नीट उकळणारच नाही.

पाकाची चौकशी तू केली नाहीस, पण दिवाळी येतेय. थर्मामीटरवर विसंबू नकोस, तिथे त्याचे आकडे उतरतात. बोटांमधली एकतारी मात्र सँटा फेलाही रामबागेसारखीच यायची. पोह्यांचं तर काहीच अडत नाही. भिजवून चाळणीत वाफवायचे, वर जिरावण, आपला इंदुरी मसाला. शेवेचं पाकीट उशीसारखं फुगलंय म्हणून फेकून दिलंस असं लिहिलं आहेस! अगं, ती इथली हवा आत कोंडून गेली आणि तिथे तिला पसरायला जागा मिळाली. शेव चांगली होती.

आता राहिलेलं. डोंगरावर गेल्यावर पहिले काही दिवस डोकं दुखणं, झोप मोडणं होतं. दोन महिने झाले तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका. बसल्या जागी धाप लागली तर त्याच दिवशी खाली उतरा. सासूबाईंना आधी इंदूरच्या डॉक्टरांकडे नेऊन आणायला सांगा, त्यांना रक्तदाब आहे. हो म्हणाले तर विमानतळावरून थेट वर नेऊ नका. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे, तिथे दोन-तीन रात्री थांबवा. शेगडीचं धुराडं थंडीआधी साफ करून घ्या आणि झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा. त्या वायूला वास नसतो.

मला परत रामबागेत येऊन नऊ वर्षं झाली, तरी एक वही अजून जपली आहे. भाची, जावेची मुलं, तुमच्यासारखी लिहिणारी, जो कुणी उंचावर राहायला गेला त्याच्या घरी तूर किती मिनिटांत शिजली ते त्यात आहे. सँटा फेसमोर १३ लिहिलंय. लीडव्हिलचं पान कोरं आहे. उद्या डाळ जावईबापूंनी भिजत घालायची, घड्याळ तू धरायचं, आणि दाणा दोघांनी दाबून बघायचा. आकडा मला कळवा.