सक्सेशनला मराठीत काय म्हणायचं? (आणि काय म्हणू नये)

प्रश्न असा आलाय की सक्सेशनला (एकामागून दुसऱ्याने त्याची जागा घेणं) कायद्यात उत्तराधिकार म्हणतात, जीवशास्त्रात अनुक्रमण आणि बातम्यांत सरसकट वारसा, तर यातला बरोबर शब्द कुठला.

आधी एक राग काढून घेतो, मग बोलू. सक्सेशन आणि सिसेशन हे वेगळे शब्द आहेत हो! १८६०-६१ मध्ये अमेरिकेतली दक्षिणेची राज्यं संघातून फुटून निघाली ते सिसेशन, आणि हल्ली ज्याला त्याला ते सक्सेशन म्हणताना ऐकतोय. सक्सेशनचं युद्ध म्हणजे १७०१ ते १७१४ मध्ये स्पेनच्या गादीवरून पेटलेलं. तिथे गादी कोणाला यावर भांडण होतं, अमेरिकेत घरातूनच बाहेर पडायचं होतं.

वारसा आणि उत्तराधिकार यांतला फरक रोजच्या भाषेत सरळ आहे. मालमत्तेला वारस, पदाला उत्तराधिकारी. पोपच्या गादीला उत्तराधिकारी मिळतो, वारस नाही. त्यामुळे धडधाकट सीईओ राजीनामा देऊन मजेत घरी बसलाय आणि बातमीत मात्र त्याचा 'वारस' नेमलाय हे वाचलं की वाटतं बिचाऱ्याला जिवंतपणीच पोचवला.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये 'सब' म्हणजे खाली आणि 'केडेरे' म्हणजे जाणं, दोन्ही मिळून अर्थ होतो खाली जाणं, खालून वर येणं, आणि मग त्यावरून मागोमाग येणं. याच केडेरेपासून अ‍ॅन्सेस्टर म्हणजे आधी गेलेला, सिसेशन म्हणजे बाजूला जाणं, आणि डिसीज म्हणजे निघून जाणं, मरणं (रोगवाला डिसीज नव्हे, तो वेगळा). म्हणजे अ‍ॅन्सेस्टर डिसीज झाला की सक्सेसर सक्सीड करतो, सगळं खानदान एकाच धातूचं! यशवाला सक्सेससुद्धा यातलाच, मुळात त्याचा अर्थ नुसता 'पुढे जे होईल ते', म्हणून जुन्या इंग्रजीत वाईट सक्सेसही असायचा.

पण ते 'खालून' कुठे गेलं? राजाच्या गादीत ते दिसत नाही, मृत्युपत्रात दिसत नाही. माझं म्हणणं असं की या शब्दाचा सगळ्यात अस्सल वापर वकिलांचा नाहीच, जंगलवाल्यांचा आहे. जंगलात एका झाडांच्या जागी दुसरी झाडं येतात त्यालाही सक्सेशन म्हणतात, आणि अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोने १८६० मध्ये याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. लोकांना कोडं पडायचं की पाइनचं जंगल तोडलं की तिथे ओक कुठून उगवतात, आणि थोरो म्हणाला की ते आधीपासून तिथेच असतात, खारींनी ओकची फळं नेऊन पाइनखाली पुरलेली असतात, त्यांची बारकी रोपं सावलीत दबून उभी असतात आणि वरचं झाड गेलं की उठतात. खाली जाणं आणि खालून वर येणं, अगदी शब्दशः! थोरोने शब्द निवडताना लॅटिन फोड मनात धरली होती असं मी म्हणत नाही, पण शब्द तिथे जाऊन घरी पोचला एवढं नक्की.

म्हणूनच कोणी 'जंगलाचा उत्तराधिकार' असं भाषांतर केलं की डोकं फिरतं. आइसलँडजवळ १९६३ मध्ये समुद्रातून सुर्त्से बेट वर आलं, त्या कोऱ्या जमिनीवर एकामागून एक वनस्पती येत गेल्या, यात अधिकार कोणाचा आणि कोणाकडून आला? अनुक्रमण ठीक आहे, जरा सरकारी वाटतं आणि त्यात 'खालून' नाही, पण निदान हक्काची भानगड तरी नाही.

उत्तराधिकारवरून आणखी एक. एका विद्वानांनी मला ठणकावून सांगितलं की उत्तराधिकारी म्हणजे उत्तर द्यायला बांधील असलेला. साफ चूक! तो उत्तरदायी. इथला 'उत्तर' म्हणजे नंतरचा, आणि त्याच्याही मुळाशी 'उद्' म्हणजे वर, त्याला 'तर' लागून अधिक वरचा, म्हणून तर अंगावर वरून घेतात ते उत्तरीय. एकीकडे लॅटिन खालून निघतंय, दुसरीकडे संस्कृत वर बघतंय, मला तर हे फारच आवडतं.

आणि आपली मराठी? ती पाठ धरते. लागोपाठ, पाठोपाठ, पाठचा भाऊ, पाठची बहीण. एकामागून एक तीन विकेट पडल्या तर लागोपाठ पडल्या, 'अनुक्रमे' नाही, अनुक्रमे म्हणजे ज्याच्या त्याच्या क्रमाने. इटालियन गणितज्ञ पेआनोने १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांची गृहीतकं मांडली, त्यात प्रत्येक संख्येला एक सक्सेसर असतो, त्याला माझ्या मते सरळ 'पाठची संख्या' म्हणावं. दोनाच्या पाठची तीन. मी हे जिथे तिथे सांगतो आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच की पाठची म्हणजे मागची, मग उत्तर एक येईल. अहो, थोरल्या भावाला पाठचा भाऊ म्हणतं का कोणी?

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. जीवशास्त्राच्या पेपरात अनुक्रमण लिहा, मार्क त्यालाच आहेत.