१७७६ विसरून वाचायला घे

अगं,

तुझा मेसेज वाचला. एमएला अमेरिकेच्या वसाहतकाळाचा पेपर घेतलास हे छानच केलंस. तू लिहितेस की कोलंबसपासून सुरुवात केली की दोन पानांत जेम्सटाउन येतं, मग मेफ्लॉवर, मग एकदम बोस्टनचा चहा आणि वॉशिंग्टन, आणि सगळं वाचून झाल्यावर वाटतं की हे असंच तर होणार होतं, मग शिकायचं काय त्यात. हे "होणारच होतं" वाटतं ना, खरी गोम तिथेच आहे, म्हणून आज तेवढ्यावरच लिहिते.

परीक्षेपुरतं १७७६, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल, लक्षात ठेव, पण वाचायला बसलीस की ते साल विसरून जा. १६०७ च्या मे महिन्यात व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी, जिथे जेम्सटाउन वसलं तिथे, उतरलेली शंभरेक माणसं काही देश उभारायला आली नव्हती. लंडनमधल्या एका कंपनीनं शेअर विकून पैसा उभा केला होता, भागधारकांना नफा हवा होता, सोनं सापडेल असं सगळ्यांना वाटत होतं. सोनं काही मिळालं नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यात अन्नाविना इतके लोक गेले की साधारण पाचशेंपैकी जेमतेम साठ उरले, आणि उरलेले तर वसाहत सोडून निघालेसुद्धा होते, नदीतच त्यांना नवा गव्हर्नर आणि रसद घेऊन येणारी गलबतं भेटली म्हणून परत फिरले. म्हणजे थोडक्यात हुकलं बघ. आणि त्याच्याही आधी, १५६५ पासून, फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला स्पॅनिश लोक ठाण मांडून होते, तेव्हा १६१० साली कुणी विचारलं असतं की या खंडावर कुणाचं राज्य टिकेल, तर इंग्रजांचं नाव फार थोड्यांनी घेतलं असतं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचलंस की तंबाखू का एवढा महत्त्वाचा ते आपोआप कळेल. जॉन रॉल्फनं लावलेला तंबाखू लंडनच्या बाजारात खपायला लागला आणि तिथून सगळं बदललं, कारण तंबाखूला जमीन लागते आणि राबणारे हात लागतात. जमीन तिथल्या मूळच्या रहिवाशांची, पोव्हाटनच्या लोकांची होती. हात कुणाचे, हा पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न.

इथे मात्र घाई करू नकोस. नोट्समध्ये एक ओळ असते, "१६१९ मध्ये पहिले आफ्रिकन गुलाम आले", आणि मुलं पुढे जातात. ऑगस्ट १६१९ मध्ये व्हाइट लायन नावाच्या जहाजातून वीसेक आफ्रिकन माणसं पॉइंट कम्फर्टला आणली आणि त्यांच्या बदल्यात धान्यसामग्री घेतली, हे खरं. पण नंतरच्या काळात जी गुलामगिरी आपल्याला माहीत आहे, पिढीजात, कातडीच्या रंगावर ठरलेली, ती त्या दिवशी कायद्यात लिहिलेली नव्हती. ती नंतर एकेका निकालानं, एकेका कायद्यानं बनवली गेली आणि बनवणारे कोण होते ते नावानिशी सापडतं.

१६४० चा निकाल घे. व्हर्जिनियातले तीन नोकर मालकाकडून मेरीलँडला पळाले, पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकन. तिघांनाही तीस-तीस फटके, इथपर्यंत शिक्षा सारखी. मग त्या दोघा गोऱ्यांची चाकरी एकूण चार वर्षांनी वाढवली आणि जॉन पंचला सांगितलं की तू मरेपर्यंत मालकाची चाकरी करायची. गुन्हा तोच, रात्र तीच. आता याच्या शेजारी अँथनी जॉन्सनला ठेव, तोही आफ्रिकेतूनच आणलेला, १६२१ च्या सुमाराला आला, पुढे मोकळा झाला आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर अडीचशे एकर जमीन होती, स्वतःचे नोकर होते. म्हणजे त्या काळात दोन्ही शक्यता एकाच वसाहतीत एकाच वेळी होत्या. तो १६७० मध्ये वारला तेव्हा ज्युरीनं ठरवलं की तो निग्रो, म्हणून परका, म्हणून त्याची व्हर्जिनियातली जमीन सरकारजमा. वीस वर्षांत किती बदललं बघ.

आणि मधल्या वीस वर्षांत काय झालं ते एलिझाबेथ की हिच्या खटल्यात दिसतं. मला विचारशील तर या सगळ्या पेपरातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस हीच. वडील इंग्रज, आई आफ्रिकन, स्वतः बाप्तिस्मा घेतलेली. तिनं कोर्टात मांडलं की इंग्रजी कायद्यानं मूल बापाचा दर्जा घेतं आणि मी ख्रिश्चन आहे, तर मी गुलाम कशी? बरीच कोर्टकचेरी झाली, पण १६५६ मध्ये ती मोकळी झाली. ती जिंकली! आणि मग व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं काय केलं, तर १६६२ मध्ये कायदा केला की मूल आईचा दर्जा घेईल, आणि १६६७ मध्ये दुसरा, की बाप्तिस्मा घेतल्यानं कुणी मोकळं होत नाही. तिनं ज्या दोन दारांतून बाहेर पाय टाकला ती दोन्ही दारं बंद केली. १६६२ च्या कायद्याचा अर्थ नीट समजून घे, मालकापासून झालेलं मूलही आता मालकाचीच मालमत्ता, बापावर कसलीच जबाबदारी नाही. हे वाचून मला आजही राग येतो आणि तुलाही यावा असं मला वाटतं, फक्त रागाच्या भरात तारखा गाळू नकोस, कारण कुणी काय केलं ते त्या तारखांच्या क्रमातूनच सिद्ध होतं.

पुढे १६७६ चं बेकनचं बंड, म्हणजे नॅथॅनियल बेकन या जमीनदारानं व्हर्जिनियाच्या गव्हर्नरविरुद्ध केलेलं, त्यात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले आणि जेम्सटाउन जाळलं. काही जण सांगतात की त्याला घाबरून जमीनदार गुलामगिरीकडे वळले. तेवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. इंग्लंडमधून करारावर येणारे नोकर कमी होत होते, आणि १६९८ मध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी गेल्यावर गुलामांचा पुरवठा भराभर वाढला. १७०५ मध्ये सगळे नियम एकत्र करून कायदा झाला. सगळी कारणं सोबत मांड, एकाच कारणावर उत्तर उभं करू नकोस.

उत्तरेकडच्या वसाहती मी इथे थोडक्यात उरकते. मेफ्लॉवरमधले १०२ प्रवासी १६२० मध्ये प्लिमथला उतरले ती जागा रिकामी का होती हे विचार. तिथे पॅटक्सेट नावाचं गाव होतं, १६१६ ते १६१९ मधल्या साथीत ते संपलं. त्या गावचा टिस्क्वांटम, ज्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं पळवून स्पेनला विकायला नेलं होतं, तो कसाबसा परत आला तेव्हा गावात कुणीच उरलं नव्हतं. आणि त्यानंच नव्यानं आलेल्यांना मका लावायला शिकवला. सेलमचा चेटकिणींचा खटला सगळ्यांनाच वाचायला आवडतो, तूही वाच, पण १६७५-७६ चं मेटाकॉमचं युद्ध, म्हणजे तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांच्या सरदारानं इंग्रजांशी केलेलं, त्याहून जास्त वेळ देऊन वाच, न्यू इंग्लंडचं, म्हणजे या उत्तरेकडच्या वसाहतींचं पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता १७६३. सात वर्षांच्या युद्धात ब्रिटननं फ्रान्सला हरवलं, कॅनडा मिळाला, आणि वसाहतीतले लोक स्वतःला ब्रिटिश म्हणवून घेताना खूश होते. ब्रिटनचं कर्ज मात्र युद्धात जवळजवळ दुप्पट झालं होतं. लंडनच्या बाजूनं बघितलं तर तुमच्या रक्षणासाठी खर्च झाला, थोडा वाटा तुम्ही उचला, यात वावगं काही नव्हतं. वसाहतींच्या बाजूनं बघितलं तर आमचा प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटनं आमच्यावर कर लावणं हा आमच्या हक्कावर घाला होता. दोघांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या जागी मनापासूनचं होतं. १७६५ चा स्टॅम्प अॅक्ट, म्हणजे छापील आणि कायदेशीर कागदांवर कर लावणारा कायदा, आला तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्येच होता, त्यानं विरोध केला होता, पण कायदा झाल्यावर पेनसिल्व्हेनियात स्टॅम्पवाटपाच्या कामासाठी त्यानं स्वतःच्या मित्राचं नाव सुचवलं. इतका हुशार माणूस, आणि तिकडे काय आगडोंब उसळणार याचा त्याला अंदाज आला नाही. तेव्हा "क्रांती अटळ होती" असं वाक्य तुझ्या पेपरात दिसलं तर मी खोडणार.

चहाचंही तसंच. खूप जणांना वाटतं चहा महाग केला म्हणून लोक चिडले. उलट १७७३ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त झाला, स्मगलिंग करून आणलेल्या डच चहापेक्षाही. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा तसाच राहिला आणि विक्री कंपनीनं ठरवलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांच्या हातात गेली. स्वस्त म्हणून घेतला तर कर मान्य केल्यासारखं, आणि बाकीचे व्यापारी बसले. म्हणून १६ डिसेंबरला बोस्टनच्या धक्क्यावर ३४० च्या वर पेट्या पाण्यात गेल्या.

तुझी मैत्रीण विचारते ना की आपला याच्याशी काय संबंध, तर तिला हे सांग. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सननं १७७३ मध्येच लिहिलं होतं की या कंपनीनं आशियात काय केलं ते बघा, मक्तेदारी करून धान्याचे भाव चढवले आणि लोक भुकेनं मेले. तो बंगालच्या १७७० च्या दुष्काळाबद्दल बोलत होता. ज्या दुसऱ्या चार्ल्सच्या आरमारानं १६६४ मध्ये डचांकडून न्यू अॅमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, घेतलं त्याच राजानं १६६८ मध्ये मुंबई वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला दिली. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्याच्या दरबारात आला तेव्हा इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण फ्रान्स तिकडे अमेरिकनांना आतून मदत करतच होता. वडगाव १७७९, यॉर्कटाउन १७८१, सालबाईचा तह १७८२, ही तिन्ही सालं एकाच वहीत एकाखाली एक लिही. यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. हे जोड तुझ्या उत्तरात दोन ओळींपेक्षा जास्त जागा खायला नकोत, पेपर अमेरिकेचा आहे.

करायचं काय, तर प्रत्येक घटनेसाठी एक पान घे आणि त्या सालापर्यंत जे घडलंय तेवढंच वापरून लिही, त्या वेळी त्या माणसांपुढे कुठले कुठले रस्ते होते, कुणाला काय हवं होतं, कुणाला विचारलंच गेलं नाही. पुढचं काही लिहायचं नाही. आधी अवघड जाईल, हात आपोआप पुढच्या सालाकडे जातो. व्हर्जिनियाचे जुने कायदे नेटवर फुकट वाचायला मिळतात, इंग्रजी जुनं आहे पण दोन-तीन दिवसांत सवय होते, १६६२ चा तर जेमतेम काही ओळींचा आहे. त्याच्यापासून सुरुवात कर, एक पान लिही आणि मला पाठव, मी खुणा करून देते, आणि मग आपण १७६३ कडे जाऊ.

तुझी,
मॅडम