गल्लीत नवी इमारत: शेजाऱ्यांना कधी विचारावं?

प्रश्न : सहकारनगरमध्ये आमचा पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे. जुना बंगला पाडून खाली पार्किंग, वर तीन मजले, सहा फ्लॅट बांधायचा विचार आहे. गल्लीत नाराजीची कुजबुज आहे. आर्किटेक्ट म्हणतात, नकाशे मंजूर झाले की बैठक घेऊ. तसं करावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको. तोवर बदलण्यासारखं काही उरत नाही. लोक चहा पितात आणि घरी जाऊन तक्रार अर्ज लिहितात. कच्चा नकाशा हातात असतानाच बोलवा. भाडेकरूंनाही बोलवा, कारण गाडी लावायची अडचण त्यांनाही होते. काय बदलू शकतं (गेट, बाल्कन्यांची दिशा, टाकीची जागा, झाडं) आणि काय नाही (फ्लॅटची संख्या, तुमचं ठरलं असेल तर), हे सुरुवातीलाच सांगून टाका. हे न सांगितल्यानेच बहुतेक बैठका फिसकटतात.

नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही. इमारतीचे कोपरे जमिनीवर फक्कीने आखा. गच्चीवर बांबू बांधून त्याचं टोक जमिनीपासून १२ मीटरवर आणा, वर लाल फडकं लावा. सावलीचं गणितही मांडा : २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी १२ मीटर उंचीची सावली उत्तरेला साधारण ११ मीटर पडते, सकाळी नऊला तिच्या अडीचपट, वायव्येकडे. उत्तरेच्या शेजाऱ्यांचं सोलर हीटर गच्चीवर असेल तर त्यांच्याकडे आधी स्वतः जा.

खरं भांडण पार्किंगचं असतं. एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी, रात्री दहानंतर, रस्त्यावरच्या गाड्या मोजा. सहा मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मध्ये जेमतेम अडीच मीटर उरतात. पाण्याचा टँकर तिथेच अडकतो. पाहुण्यांच्या गाड्यांची सोय प्लॉटच्या आतच दाखवा.

झाड तोडायचं असेल तर महापालिकेची नोटीस झाडावर लागते आणि हरकती मागवल्या जातात. शेजाऱ्यांना ती बातमी झाडावरून कळू देऊ नका. प्लॉट सोसायटीच्या लेआउटमधला असेल तर तिचे उपविधी (सोसायटीचे लेखी नियम) आधी वाचा.

बैठकीनंतर आठवडाभरात, कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का, हे एका पानावर लिहून घरोघरी द्या. बांधकामाच्या वेळा, राडारोडा कुठे पडेल आणि सुपरवायझरचा फोन नंबरही त्यातच असू द्या.