डावा पाय रिकामा आहे म्हणून…

प्रश्न : ताई, 28 वर्षं गिअरची गाडी चालवली. डाव्या गुडघ्याला क्लच सोसेना, म्हणून गेल्या महिन्यात ऑटोमॅटिक घेतली. भाचा गो-कार्टिंगला जातो. तो म्हणतो, “मामा, डावा पाय मोकळाच आहे, तर ब्रेक त्याने मारा, वेळ वाचतो.” मुलगी म्हणते, अजिबात नको. घरासमोरच्या चढावर गाडी मागे येईल या भीतीने मलाही दोन्ही पाय वापरावेसे वाटतात. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुलीचं ऐका.

भाचा खोटं सांगत नाही. कार्टमध्ये ब्रेक डाव्या पायालाच असतो. रॅलीतले ड्रायव्हरही वळणावर ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेक लावतात. पण त्यांनी तो पाय त्यासाठी घडवलेला असतो. तुमचा घडलाय क्लचवर. क्लच आपण एका दमात तळापर्यंत दाबतो. ब्रेकवर मात्र वजन हळूहळू वाढवायचं असतं.

मी 19 वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. गिअरवरून ऑटोमॅटिकवर आलेल्यांना मोकळ्या मैदानात, पायी चालण्याच्या वेगात, मी एकदाच सांगते : आता डाव्या पायाने अगदी हलका ब्रेक लावा. गाडी जागीच थबकते, पट्टा छातीवर आवळतो, पुढे ठेवलेला मोबाइल पायाशी येऊन पडतो. “हलकाच लावला हो!” असं ते म्हणतात, आणि त्यांना खरंच तसं वाटलेलं असतं. महामार्गावर मागे डंपर असताना हे व्हायला नको.

त्याहून मला भीती वाटते ती दोन पेडलवर दोन पाय ठेवण्याची. माणूस दचकला की दोन्ही पाय ताठ होतात आणि दोन्ही पेडल एकदम दाबली जातात. अशा वेळी इंजिनची ताकद तोडणारी सोय बऱ्याच नव्या गाड्यांत असते, पण सगळ्यांत नसते. शिवाय डावा पाय नुसता ब्रेकवर टेकवून ठेवायची सवय लागते. मग मागचे लाल दिवे सारखे पेटलेले. तुम्ही खरा ब्रेक कधी लावला ते मागच्याला कळत नाही. पॅड तापतात ते वेगळंच. तुम्हाला कुंभार्ली घाट उतरावा लागत असेल, तिथे तापलेले ब्रेक नकोतच. घाटात खालचा गिअर धरा. ऑटोमॅटिकमध्येही ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड असतो.

आता वेळ वाचण्याचं. पाय उचलून ब्रेकवर न्यायला पाव सेकंद धरला, तर ताशी 60 किलोमीटरला गाडी साधारण 4 मीटर पुढे जाते. कमी नाही हे अंतर! पण ते वाचवायला उजवा पाय पुरतो. शाळा, थांबलेली एसटी, गुरं दिसली की ॲक्सिलरेटर सोडून तो आधीच ब्रेकवर, न दाबता, तरंगत ठेवा. टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली. ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा उजवीकडे वळवायचा. उंची कमी असेल तर सीट पुढे घ्या, टाच उचलू नका. डावा पाय कडेच्या फूटरेस्टवर.

तुमच्या चढावर हँडब्रेक वापरा. तो ओढून ठेवा, उजव्या पायाने थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडी पुढे ओढतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावरही गाडी एक-दोन सेकंद धरून ठेवते, तेवढ्यात पाय आरामात पोहोचतो. ॲक्सिलरेटरवर मात्र गाडी चढावर तोलून धरू नका. तुमची एएमटी असेल, म्हणजे गिअरच्या गाडीसारखाच क्लच असलेली पण तो यंत्राने दाबला जाणारी ऑटोमॅटिक, तर आतला क्लच जळेल.

उजव्या पायालाच अपंगत्व असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पेडलची रीतसर वेगळी जोडणी करून घ्यावी लागते. तुमचा उजवा पाय धडधाकट आहे. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना मुलीला शेजारी बसवा आणि तो चढ दहा वेळा चढा.