पेटीचा सूर मंडपात मध्येच का दबतो?

प्रश्न : सर, आमच्या सप्ताहात मंडपाच्या दोन टोकांना समोरासमोर तोंड करून भोंगे लावतात. पेटीचा सूर धरला की काही जागी तो दबतो, वीतभर सरकलं की मोठा येतो. माईकवाला म्हणतो, तुमच्या कानात दोष आहे. आवाजात आवाज मिसळला तर वाढायला नको का? — एक वाचक, औसा तालुका

उत्तर : कान शाबूत आहेत तुमचे. वीतभर म्हणालात, ते तर फारच नेमकं!

मधल्या सप्तकातली ‘पांढरी चार’, म्हणजे चौथी पांढरी पट्टी, दाबली की तिचा सूर दर सेकंदाला साधारण 349 वेळा कंप पावतो. 30 अंशांच्या हवेत आवाजही सेकंदाला जवळपास तितकेच मीटर जातो. म्हणजे एका लहरीची लांबी झाली मीटरभर. दोन्ही भोंग्यांपासून सारख्या अंतरावर, ऐन मधोमध, दोघांचा दाब एकदमच वाढतो आणि एकदमच उतरतो. सूर मोठा येतो. तिथून एका भोंग्याकडे 25 सेंटिमीटर सरका. एक वाट तेवढी कमी झाली, दुसरी तेवढीच वाढली, फरक पडला अर्ध्या लहरीचा. आता एक भोंगा हवा दाबतो तेव्हा दुसरा ती विरळ करतो. अशा मुक्या जागा दर अर्ध्या मीटरवर येतात आणि सूर बदलेपर्यंत हलत नाहीत. पुस्तकातले स्थिर तरंग ते हेच.

मग आवाज गेला कुठं? कुठंच नाही. मोठ्या जागी तीव्रता एका भोंग्याच्या चौपट होते, मुक्या जागी जवळपास शून्य. सरासरी दोन भोंग्यांचीच.

पेटी तिथंही अगदी गप्प होत नाही, कारण तिच्या सुरात दुप्पट कंपनांचा सूरही मिसळलेला असतो आणि त्याची नेमकी तिथंच भरती असते. म्हणून सूर किनरा, वरच्या सप्तकातला वाटतो. एक कान बोटानं बंद करून ऐका. दोन कानांतलं अंतरही वीतभराच्या आसपासच, एकानं हरवलेलं दुसरा सांगून टाकतो. बुवांच्या बोलण्यात मात्र हे सहसा कळत नाही. त्यात नाना कंपनं, प्रत्येकाच्या मुक्या जागा निराळ्या.

मात्र ऐन मधोमध बुवांचा आवाजही पोकळ येत असेल, तर एका भोंग्याच्या तारा उलट जोडल्यात. हे फार ठिकाणी होतं. अदलाबदल करायला लावा. शिवाय दोन्ही भोंगे व्यासपीठाच्या बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून बांधा. मुक्या जागा तरीही राहतील, पण बसल्या जागी सरकून सापडतील इतक्या जवळजवळ नाहीत.