रात्री डॉक्टर नसतात, मग निर्णय कुणाचा?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. लेक बी.एस्सी. नर्सिंग झालीये, पुण्यात आयसीयूत काम करतेय आणि आता जर्मनीतल्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नोकरी चालून आलीये. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: तिथे डॉक्टर हजर नसतात, मग काही बरंवाईट झालं तर ते पोरीच्या गळ्यात येईल का? आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घालायलाच तिला एवढं शिकवलं का?

पहिला प्रश्न फारच थोडे पालक विचारतात. तिथलं नर्सिंग होम हे आपल्याकडचं दहा खाटांचं हॉस्पिटल नव्हे, ते वृद्धांचं राहतं ठिकाण असतं. तिथे डॉक्टर सहसा नोकरीला नसतात. प्रत्येक आजी-आजोबांचे आपापले फॅमिली डॉक्टर असतात, ते येऊन तपासून जातात. इन्सुलिन, ड्रेसिंग, कॅथेटर, गोळ्या हे सगळं ते लिहून देतात आणि नर्स करते. आदेश योग्य आहे ना, याला डॉक्टर जबाबदार. तो नीट पार पडला ना, याला नर्स. जे काम आपल्याला सुरक्षितपणे जमणार नाही, ते तसं सांगून नाकारणं हा तिचा हक्क आहे आणि कर्तव्यही. हे तिच्याशी मुद्दाम बोला. आपल्या वॉर्डात सरांना ‘नाही’ म्हणायची सवय कुणालाच लागत नाही.

खरी कसोटी रात्रीची. चाळीस-पन्नास वृद्धांमागे एक नर्स असणं तिथे नवलाचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आजोबा बाथरूममध्ये पडले, डोक्याला लागलं, पण ‘मी ठीक आहे’ म्हणताहेत. थांबायचं, ११६११७ या नंबरवर रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन करायचा, की थेट ११२ ला ॲम्ब्युलन्स बोलवायची? दुसऱ्या खोलीतल्या आजींनी शुद्धीत असताना लिहून ठेवलंय की शेवटच्या काळात मला हॉस्पिटलात हलवू नका. अशा लेखी इच्छापत्राला तिथे २००९ पासून कायद्याचा आधार आहे. आजींना धाप लागलीये आणि मुलगा फोनवर ‘ॲम्ब्युलन्स बोलवा’ म्हणून ओरडतोय. इथे निदान डॉक्टरचंच, पण काय दिसतंय ते नेमकं ओळखून योग्य माणसाला योग्य वेळी सांगणं हे तुमच्या मुलीच्या हातात. ‘गरज पडल्यास’ द्यायचं औषधसुद्धा कोणत्या लक्षणाला, किती आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, हे डॉक्टरांनी लिहिलेलं असावं लागतं. नुसतं ‘दुखलं तर द्या’ चालत नाही. आदेश लेखी आणि तिची नोंद वेळच्या वेळी असेल तर भलतं काही तिच्या गळ्यात पडायची भीती फार कमी.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आपल्याकडे ही कामं मावशी, मामा आणि नातेवाईक करतात, म्हणून ती हलकी वाटतात. आंघोळ घालतानाच माकडहाडावरची लाली, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची पहिली खूण दिसते, पायाची सूज कळते. २०२० पासूनच्या जर्मन कायद्यानुसार कुणाला कोणती शुश्रूषा लागेल हे ठरवणं आणि तिची आखणी करणं फक्त पात्र नर्सच करू शकते. ते काम डॉक्टरकडेही नाही. मधुमेह, जुनाट जखमा आणि डिमेन्शिया यांत जादा शिकलेल्या नर्सकडे डॉक्टरांची काही कामं स्वतंत्रपणे सोपवण्याची वाटही कायद्याने खुली केली आहे. शेजारचं नेदरलँड्स यात बरंच पुढे आहे: तिथे वृद्धांचे खास डॉक्टर नर्सिंग होमच्या नोकरीतच असतात आणि पदव्युत्तर शिकलेल्या विशेषज्ञ नर्सेस २०१२ पासून आपल्या क्षेत्रातली औषधं स्वतः लिहून देतात.

तरीही एक गोष्ट लपवणार नाही. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, इन्फ्युजन पंप यांवर बसलेला तिचा हात तिथे फारसा वापरात येणार नाही. त्याचीच तिला ओढ असेल, तर तिने जर्मनीतल्याच हॉस्पिटलची नोकरी शोधावी; काही महिने थांबावं लागलं तरी चालेल. हे तुम्ही नाही, तिनेच ठरवायचं.

तिचा होकार असेल तर सही करण्याआधी एजन्सीकडून लेखी घ्या: रात्रपाळीत किती पात्र नर्सेस असतात, नव्या नर्सला एकटीने रात्रपाळी कधी देतात, पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून पगार किती, आणि मधेच सोडल्यास काही रक्कम परत मागणार का. ‘न्याय्य भरती’ची जर्मन सरकारी मोहोर असलेल्या संस्था नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, तो खर्च मालकाचा असतो. तुमच्याकडे लाखभर मागितले असतील तर तिथेच थांबा. आणि जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे कामाचं बोलणं न अडखळता जमेल इतकी, पक्की करूनच तिला विमानात बसवा. रात्री दोनला डॉक्टरांना फोनवर आजोबांची अवस्था तिलाच सांगायची आहे.